इंजिन बांधूनही जुना ट्रॅक्टर परत परत धूर का देतो

आमचा ट्रॅक्टर १९९६ सालचा. तीन सिलेंडर, पस्तीस हॉर्सपॉवर. आप्पांनी तो कापसाच्या पैशातून घेतला आणि आजही अमळनेर तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली सगळं तोच ओढतो. मधल्या चार वर्षांत त्याचं इंजिन दोनदा बांधलं. पहिल्यांदा नुसत्या रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) टाकल्या, दुसऱ्यांदा लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आणि पिस्टनचा पूर्ण किट. दोन्ही वेळा पहिला हंगाम छान गेला. दुसऱ्या हंगामात, आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन नांगरट सुरू झाली की सायलेन्सरमधून परत तोच निळा धूर.

तिसऱ्यांदा इंजिन उतरवायचं ठरलं तेव्हा आमचे नाना, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, खळ्यात आले. "काय व्हयनं?" म्हणाले. सांगितलं. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. एअर क्लीनरकडून मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाला, जाणाऱ्या रबरी पाइपवर हात ठेवला आणि म्हणाले, "हाऊ पाइप काढ आनि मजार बोट फिराईसन देख."

पाइप काढला, आत बोट फिरवलं. बोट बाहेर आलं ते मातीने माखलेलं. कोरडी, पिठासारखी बारीक, करडी माती, नखाच्या कडेला जाऊन बसलेली. पाइप उलटा करून पाहिला तर पट्टीखाली रबर चिरलेलं होतं. नळी सरळ धरली की चीर दिसत नव्हती, जरा वाकवली की ओठासारखी उघडत होती. इंजिन चालू असताना ती हलत राहायची आणि फिल्टरला बगल देऊन धूळ थेट सिलेंडरमध्ये जायची.

ऑइलमध्ये धूळ मिसळली की व्हॉल्व्ह घासायला वापरतात तसली पेस्ट तयार होते. ती रिंगा आणि लायनर घासत राहते. आम्ही दोनदा नवीन सामान टाकलं आणि दोन्ही वेळा तीच पेस्ट त्या नव्या सामानाला चारली. मिस्त्रींचं बांधकाम चांगलं होतं. चूक कारण न शोधण्याची होती, आणि ते कारण शोधणं मालकाचंही काम आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जमीन भेगाळते, नांगरामागे धुळीचा लोट उठतो. दादर ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या मळणीला ट्रॅक्टर तासन् तास भुसकटात उभा असतो. इथे जुन्या इंजिनाचा जीव एअर क्लीनरमध्ये असतो.

आधी धूर नीट पाहा

रंग तर सगळेच पाहतात. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरलंय. पण नुसत्या रंगावरून निदान करू नका. धूर कधी येतो हे त्याहून महत्त्वाचं. सकाळी चालू करताना येतो का, लोड पडल्यावर येतो का, की बराच वेळ स्लोवर ठेवून एकदम रेस दिल्यावर येतो? शिवाय संध्याकाळच्या तिरप्या उन्हात निळा आणि पांढरा यांत फसगत होते. सकाळी अकराच्या सुमारास, सायलेन्सरच्या मागे गडद झाड किंवा भिंत येईल असं उभं राहून पाहा आणि वास घ्या. जळक्या ऑइलचा वास घशाला लागतो, कच्च्या डिझेलचा डोळ्यांना झोंबतो. पाण्याच्या वाफेला जवळपास वास नसतो.

दोन-चार दिवस एका वहीत लिहा: किती तास चालला, कोणतं काम केलं, ऑइल किती टाकलं, धूर कधी दिसला. मिस्त्रीसमोर ही वही ठेवली की अर्धं निदान तिथेच होतं.

निळा धूर

इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून इथे घाई नको. निळा धूर दिसला की "रिंगा गेल्या" असं कोणीही म्हणतं. रिंगांआधी चार गोष्टी पाहायच्या, आणि त्या घरी पाहता येतात.

पहिली, ऑइलची काडी. ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटं झालेली. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं ऑइल उडून जळतं. आणि तुम्ही न टाकताच पातळी वाढली असेल तर तो धोक्याचा इशारा आहे, कारण ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. ज्या इंजिनात डिझेल ओढणारा छोटा पंप ब्लॉकच्या अंगावर बसलेला असतो आणि त्यात रबरी पडदा असतो, तिथे पडदा फाटला की डिझेल गुपचूप चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीत, जातं. काडीवरचं ऑइल नाकाशी धरा. मग त्याचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकून तासभर ठेवा. मधे काळा डाग आणि त्याभोवती बाहेरपर्यंत पसरलेलं फिकट, तेलकट वर्तुळ दिसलं तर डिझेल मिसळल्याचा संशय घ्यायचा. असं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगाही खातं. पंपाचा पडदा बदला, ऑइल-फिल्टर बदला, मग धूर उरतो का ते पाहा. कित्येकदा उरत नाही.

दुसरी, ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे हवेतली धूळ ऑइलमध्ये अडवणारा. खालच्या वाटीत ऑइल खुणेपर्यंतच हवं. "धूळ फार आहे, जरा जास्त टाकू" असं करणारे पुष्कळ आहेत. जास्तीचं ऑइल हवेबरोबर ओढलं जातं, निळा धूर येतो, आणि फारच जास्त झालं तर इंजिन त्या ऑइलवरच सुसाट पळत सुटतं. मग डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेचं तोंड फळीने किंवा जाड घडी केलेल्या गोणपाटाने दाबून बंद करायचं. हात लावायचा नाही, ओढ जबरदस्त असते. कमी ऑइलही तितकंच वाईट, कारण मग धूळ अडत नाही. नांगरटीत आणि मळणीत वाटी रोज उघडून पाहा. तळाला बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा गाळ बसला की ऑइल फेकून वाटी डिझेलने धुवा आणि नवीन ऑइल भरा. इंजिनातून काढलेलं जुनं काळं ऑइल तिथे वापरू नका. वरची जाळी वर्षातून एकदा तरी उतरवून डिझेलमध्ये खळबळून पूर्ण निथळू द्या. ओली जाळी बसवलीत तर पहिला तासभर त्याचाच धूर येईल.

तिसरी, तोच रबरी पाइप. त्याच्या दोन्ही पट्ट्या, मॅनिफोल्डचं पॅकिंग, एअर क्लीनरच्या वाटीचं रबर. आत पांढरा फडका फिरवा. फिल्टरच्या पुढे, इंजिनाकडच्या बाजूला धुळीचा मागमूसही असता कामा नये. धूळ सापडली तर इंजिनाला पाना लावण्याआधी ती वाट बंद करा. सायकलच्या ट्यूबने गुंडाळणं हा उपाय नाही. उन्हात आणि इंजिनाच्या तापेत ती महिन्यात सुटते. नवीन पाइप टाका आणि तारेऐवजी स्क्रूची पट्टी वापरा.

चौथी, ब्रीदर, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी नळी. तिथली जाळी चिकटून बंद झाली की चेंबरमध्ये दाब साचतो आणि ऑइल वर ढकललं जातं. डिझेलने धुऊन साफ करा.

हे चारही ठीक असेल तर मग रिंगा की व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी), हा प्रश्न येतो. रात्रभर उभा राहिलेला ट्रॅक्टर चालू केल्यावर निळा लोट येतो आणि मिनिटभरात विरतो, किंवा उतारावरून रेस सोडून आल्यावर परत रेस दिली की भपका येतो, आणि लोडवर मात्र धूर फारसा नसतो: गाइडकडे संशय घ्या. हे हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम आहे, पूर्ण इंजिन उतरवायची गरज नसते. नांगर जमिनीत गेल्यावर निळा धूर वाढतो, आणि इंजिन गरम असताना ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून ठेक्याने फुक् फुक् वाफारा येतो: मग रिंगा-लायनर. थोडा वाफारा प्रत्येक जुन्या इंजिनाला असतो, त्याने घाबरू नका. झाकण तोंडावर सैल ठेवलं तर ते नाचायला लागतं का, एवढं पाहा. खात्री करायची तर कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. सगळ्या सिलेंडरचा दाब एकसारखा कमी असेल तर झीज सर्वत्र आहे. एकाच सिलेंडरचा कमी असेल तर तिथे रिंग तुटलेली, अडकलेली किंवा व्हॉल्व्ह गळका असू शकतो.

काळा धूर

लोडवर नांगर खोल गेला की क्षणभर काळं येणं जुन्या इंजिनाला चालतं. सतत कोळशासारखा धूर येत असेल तर पहिलं कारण हवा. एअर क्लीनर चोंदलेला, वरच्या टोपीत भुसकट भरलेलं, नाहीतर पाइप आतून सोलून आत लोंबणारं रबर. हे शेवटचं बाहेरून दिसत नाही, पाइप काढून त्यातून आकाशाकडे पाहावं लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत रुईचे तंतू टोपीच्या जाळीवर गालिच्यासारखे बसतात. जाळी हातानेच साफ होते.

दुसरं कारण नोझल. चांगलं नोझल डिझेलचं धुकं करतं, बिघडलेलं नोझल धार सोडतं किंवा थेंब गाळतं. कोणत्या सिलेंडरचं बिघडलं हे शोधायची जुनी रीत अशी: इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट जेमतेम एक आटा सैल करायचा, वर जाड फडकं टाकून. ज्याचा नट सैल केल्यावर धूर कमी होतो आणि इंजिनाच्या आवाजात फारसा फरक पडत नाही, ते नोझल गुन्हेगार. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि नोझल बाहेर काढून समोर हात धरून फवारा कधीही पाहू नका. डिझेल दीडशे-दोनशे किलोच्या दाबाने सुटतं आणि कातडीच्या आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतलं मांस सडवते. असं झालं तर घरगुती उपाय न करता त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना "डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा. नोझलचा दाब नोझल टेस्टरवरच लावायचा. तो कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवीन टाका, जुना काढलाय ना हेही पाहा. दोन वॉशर एकावर एक बसल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

तिसरं कारण माणसाने केलेलं असतं. "ताकद वाढवून देतो" म्हणून कोणीतरी डिझेल पंपाचं सील तोडून माप वाढवलेलं. ताकद थोडी वाढते, पण डिझेल धुरात जातं, पिस्टनचा माथा तापतो, ऑइल काळं ठिक्कर पडतं. वापरलेला ट्रॅक्टर घेतला असेल तर पंपाच्या स्क्रूवरचं सील जागेवर आहे का ते आधी पाहा. नसेल तर पंप कॅलिब्रेशनला न्या. अंदाजाने स्क्रू फिरवून ते काम होत नाही.

पांढरा धूर

पौष महिन्यात पहाटे थंडी असते तेव्हा दोन-तीन मिनिटं पांढरं येणारच. इंजिन तापल्यावरही येत असेल तर वास घ्या. डिझेलचा वास असेल तर नोझल, डिझेल सुटण्याचं टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन. त्याआधी डिझेलमध्ये पाणी आहे का तेही पाहा. आपल्याकडे डिझेल ड्रममध्ये साठवतात, ड्रम पावसात उभा राहतो आणि झाकणाच्या खाचेतून पाणी झिरपतं. फिल्टरच्या खालचा बोल्ट सैल करून एका काचेच्या ग्लासात थोडं डिझेल काढा. तळाशी पाण्याचे मणी वेगळे दिसतात. ड्रम आडवा ठेवा, तोंड तळापासून चार बोटं वर येईल असा, म्हणजे गाळ आणि पाणी खाली राहील. फिल्टर उघडल्यावर हवा काढायला विसरू नका. हवा राहिली तर इंजिन झटके देतं आणि तेही पांढरं फेकतं.

वास नसेल, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, काडीवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर हेड गॅसकेट, चिरलेलं हेड किंवा लायनरखालचं रबर रिंग. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, मग चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे आले तर सिलेंडरचा दाब पाण्यात शिरतोय. गरम रेडिएटर उघडू नका, चेहरा भाजतो. आणि दुधी ऑइल दिसल्यावर "एवढी पाळी मारून घेऊ" म्हणत ट्रॅक्टर चालवू नका. त्या एका पाळीत बेअरिंगा जाऊ शकतात.

पांढऱ्या धुराचं एक कारण खानदेशात फार आढळतं आणि त्यावर कोणी बोलत नाही. उन्हाळ्यात ट्रॅक्टर तापतो म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला असतो. पाणी सारखं फिरत राहतं, हलक्या कामात इंजिन पुरेसं गरमच होत नाही, डिझेल अर्धवट जळतं, लायनरवर ओलावा आणि कार्बन बसतो. झीज वाढते ती वेगळीच. ट्रॅक्टर तापत असेल तर रेडिएटर आतून-बाहेरून धुवा, पट्टा ताणा, वॉटर पंप पाहा, आणि थर्मोस्टॅट परत बसवा. गरम पाण्याच्या भांड्यात टाकून तो उघडतो की नाही हे घरी पाहता येतं. साधारण ८० अंशांच्या आसपास तो उघडायला लागतो.

बांधायचंच ठरलं तर

मिस्त्रींजवळ उभे राहा. हेड उतरल्यावर लायनरच्या वरच्या कडेला नख फिरवा. वरची रिंग जिथे थांबते तिथे कठडा जाणवला, नख अडकलं, तर नुसत्या रिंगा टाकून उपयोग नाही. नवीन रिंग त्या कठड्यावर आदळते आणि तुटते. आमची पहिली रिंगांची दुरुस्ती याच कारणाने अर्धी फसली होती. कठडा नसेल, बोअर मापात असेल, तर होनिंग करून तिरप्या रेघा पाडून घ्या, कारण त्या रेघांत ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी ती लायनरमध्ये सरळ उतरवून तोंडातलं अंतर फिलर गेजने मोजायला सांगा. दर १०० मिलिमीटर बोअरला ०.३ ते ०.४ मिलिमीटर हे साधारण माप, नेमकं माप तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असतं. रिंगेवर "टॉप" लिहिलेली बाजू वर. रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत.

नवीन बांधलेलं इंजिन घरी आणल्यावर ते तासन् तास स्लोवर ठेवायची जुनी पद्धत चुकीची आहे. त्याने लायनरला काचेसारखी चमक येते, रिंगा बसत नाहीत आणि निळा धूर कायमचा राहतो. पाणी तापू द्या, मग हलक्या-मध्यम कामाला लावा. रिकामी ट्रॉली, हलकी पाळी, रेस कमी-जास्त करत. पहिले काही दिवस पल्टी नांगर नको. साधारण पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे बोल्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) पुन्हा तपासून घ्या.

आमच्या ट्रॅक्टरला तिसऱ्या वेळी फक्त रिंगा टाकाव्या लागल्या, कारण लायनर अजून मापात होते. पाइप नवीन, पट्ट्या नवीन, एअर क्लीनरच्या वाटीचं रबर नवीन. या सामानाचा खर्च किटच्या मानाने नगण्य होता. आता तिसरा हंगाम चालू आहे. मळणी सुरू असली की रोज संध्याकाळी आणि एरवी आठवड्यातून एकदा मी पाइप सैल करून आत बोट फिरवतो. परवा नाना आले होते. त्यांनी धुराबद्दल विचारलं नाही. माझा हात ओढून बोटाचं टोक पाहिलं आणि खाटेवर जाऊन बसले.